अक्काचे गार हात

अक्का गेली आणि तिच्या घोडीनं तोंड मिटलं.

म्हणजे खायला उघडायची. कडबा खायची, भिजवलेला हरभरा खायची. फक्त लगाम दिसला की दात आवळून मान वर.

आज अक्काला जाऊन महिना झाला. मी ग्रुपवर गुड मॉर्निंगचे फोटो टाकणारा माणूस, असलं काही लिहायची सवय नाही. पण आज सकाळी जे झालं ते सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, मुडबीला दिलेली. दाजींना घोडीचा लय नाद, हरणी त्यांनीच आणलेली. दाजी गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, हरणी आता विकणार.

महिनाभरात अक्का पदर खोचून हरणीवर बसली आणि तुरीच्या रानात गेली.

पन्नाशी ओलांडलेली बाई. गाव चार दिवस बोललं, मग गप्प बसलं. पुढची नऊ वर्षं रोज सकाळी हेच.

पुण्या-मुंबईच्या मित्रांना वाटतं, आमच्याकडं बारा महिने भट्टी असते. डिसेंबरात दिवस उगवायला मुडबीच्या रानात या एकदा, मग बोला.

कलबुर्गीत माझं इलेक्ट्रिकचं दुकान. रविवारी बंद. म्हणून दर रविवारी मी मुडबीला, आणि दर रविवारी माझं डोकं फिरायचं.

कारण अक्का शेण काढायची, हरणीला खरारा करायची, खोगीर चढवायची. आणि सगळं झाल्यावर घरात येऊन चुलीजवळ बसायची. शालीच्या आत दोन्ही हात. पंधरा-वीस मिनिटं.

मी तिच्याबरोबर रानात जायला अंगणात मोटरसायकल चालू करून उभा.

"अक्का, कामून बसलीस? ऊन वर आलं की."

"थांब की रे. हात शेकायलेय."

उठल्यावर माझ्या गालाला हात लावायची. बर्फ. मी म्हणायचो, तुझी चूल फुकट जळायलीय. ती नुसती हसायची.

एका हिवाळ्यात मी कलबुर्गीच्या तिबेटी स्वेटर बाजारातून तिला हातमोजे आणले. आतून लोकर, भारीतले. तिनं एक दिवस घातले आणि घडी करून परत दिले. म्हणाली, यात बोटाला काही कळत नाही.

मला राग आला. मी चिडका आहे, माहितीय तुम्हाला. दोन रविवार गेलोच नाही. तिचा फोन आला तरी नुसतं हूं हूं केलं.

तिनं तिसऱ्या आठवड्यात बसच्या कंडक्टरबरोबर धपाटे पाठवून दिले. हातमोज्यांचा विषय संपला.

दवाखान्यात शेवटी तिनं एकच मागितलं. "वरीसभर तरी हरणीला दारातून हलवू नका. शिवा ऐकायचा न्हाई. तू बघ."

मी व्हय म्हणालो.

शिवा तिचा मुलगा. वाईट नाही पोरगा. पण त्याचं म्हणणं, मामा, लगाम घेत नाही म्हणजे हिच्यावर बसता येत नाही, आणि नुसती उभी राहून घोडी बिघडते. तेही खरंच. हुमनाबादचा, लग्नाला घोडे देणारा एक जण आज दुपारी तिला विकत घ्यायला म्हणून बघायला येणार होता.

महिनाभर मी काय नाही केलं? गूळ दिला. गोंजारलं. शिव्या दिल्या. डॉक्टरनं दात तपासले, दात ठणठणीत. एकदा माझ्या बोटाला मात्र चावली.

आज सकाळी शेवटचं म्हणून गोठ्यात गेलो. खुंटीवरचा लगाम काढला. थंडीनं बोटं वळत नव्हती. हरणीनं बघितलं आणि दात आवळले.

मी गव्हाणीवर बसलो आणि रडलो. साठीला आलेला माणूस, लपवायचं काय त्यात.

मग लगाम हातात तसाच घेऊन घरात आलो. अक्काच्या जागी चुलीजवळ बसलो. शिवाची बायको महादेवी चहा ओतत होती. ती माझ्या हाताकडं बघत राहिली.

"मामा, अत्या बी असंच धरून बसायच्या."

मी विचारलं, काय धरून?

"लगाम. शालीच्या आत. ते लोखंड गरम व्हईस्तोवर उठायच्या न्हाईत."

मग तिनंच सांगितलं. लगाम कायम चुलीमागच्या खिळ्याला असायचा. अक्का गेल्यावर घर धुताना तिनं तो गोठ्यात नेऊन टांगला, चामड्याचं स्वयंपाकघरात काय काम म्हणून. सांगता सांगता तिचं तोंड एवढंसं झालं. मी म्हणालो, तुझं काही चुकलं नाही बाई. नऊ वर्षं मी उघड्या डोळ्यांनी बघत होतो.

तोंडात जाणारं लोखंड दोन्ही मुठींत धरून बसलो. विस्तवावर धरलं तर तोंड भाजायचं, म्हणून नुसते हात. हळूहळू लोखंडाचा गारठा गेला. माझे हात गार पडले. चहाही.

शर्टाच्या आत घालून गोठ्यात नेलं. हरणीनं वास घेतला, ओठ लावून बघितलं.

आणि तोंड उघडलं.

शिवा दारात ब्रश करत उभा होता. त्यानं चूळ भरली, फोन काढला आणि हुमनाबादवाल्याला येऊ नका म्हणून सांगितलं.

सोमवार ते शनिवार महादेवी लगाम गरम करणार. रविवारी मी.

अक्का, हातमोज्यातून लोखंड कसं गरम होणार, हे मला आज कळलं. तू सांगितलं नाहीस, पण मी तरी कुठं विचारलं? मला फक्त उशीर दिसत होता. चुकलं माझं. ते दोन रविवार तर फारच चुकलं.

हात अजून गार आहेत, टायपिंग चुकायलंय, समजून घ्या.

दारात कुणीही आलं की तू जे म्हणायचीस, तेच आज मी तुला म्हणतो.

शरणू शरणार्थी, अक्का. हरणी दारातच आहे.