अठरावी बाटली

व्लास्तामावशीच्या हातचं लसणाचं सूप मी एकोणीस वर्षं ओरपलं. हंगाम सुरू झाला की दर शनिवारी, दर रविवारी. वाडगं पुढे सरकवताना ती एवढंच विचारायची, पाव एक की दोन? मी खाली मान घालून म्हणायचो, दोन. याहून जास्त बोलणं आमच्यात उरलं नव्हतं. का उरलं नव्हतं, हे सगळ्या मैदानावर फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं.

मैदान म्हणजे आमचं लुच्नाचं. मोराव्हा नदीच्या अलीकडे लांबलचक गवत, विमान ठेवायचं पत्र्याचं हँगर, त्याला चिकटून खानावळ, आणि आंदुला. आंदुला हे आमच्या म्हाताऱ्या अंतोनोव विमानाचं लाडाचं नाव. पाठीवर हवाई छत्री बांधून उडी मारायला मी पहिल्यांदा तिच्यात बसलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. त्याआधी आठवडाभर आम्हाला टेबलावरून जमिनीवर उड्या मारायला लावल्या होत्या, घोट्याला घोटा जोडून लोळायला शिकवलं होतं, हँगरच्या तुळईला पट्ट्यांनी टांगून "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" असे छत्री उघडेपर्यंतचे सेकंद घसा फुटेपर्यंत मोजायला लावले होते. गावातली शेंबडी पोरं कुंपणाबाहेर उभी राहून आमच्याबरोबर मोजायची आणि हसायची.

उडीच्या दिवशी माझ्या मांडीचे पट्टे व्लास्तामावशीनं आवळले. असे आवळले की माझा आवाजच चिरकला. ती म्हणाली, "आत्ताच ओरडून घे. वर कुणाला ऐकू जात नाही." तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती, दंड पैलवानासारखे, आणि ओठात कायम एक टाचणी धरलेली. वर दारात माझे पाय खिळले. खांद्यावर थाप पडली, आणि मी गेलो म्हणण्यापेक्षा पडलो. मोजायचं साफ विसरलो. छत्री आपोआप उघडली आणि मी बिटाच्या शेतात आदळलो. परत आल्यावर आमच्या रीतीप्रमाणे मला ओणवं केलं आणि मैदानावरच्या एकूण एक माणसानं ढुंगणावर चापट मारली. सगळ्यांत जोरात तिची बसली. दोन दिवस मी जेवायला धड बसू शकलो नाही, आणि एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

तिच्याविषयी सांगायचं तर, आधी ती छत्र्या शिवायच्या कारखान्यात होती. राजवट बदलली, कारखाना बंद पडला, आणि ती शिवणयंत्रासकट आमच्या हँगरमध्ये आली. नवरा लवकर गेला, एक मुलगी होती ती ब्रनो शहरात. हँगरमध्ये एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तिचं लांब टेबल होतं. उतरलेल्या माणसानं आपली छत्री त्या टेबलाच्या टोकाला टाकायची आणि बिअर प्यायला जायचं, की ती क्रमानं एकेक ओढून घडी घालायची. दोऱ्या बोटांतून अशा सोडायची की बघत राहावं. ती स्वतः मात्र एकदाही उडाली नाही. कुणी चिडवलं तर म्हणायची, मी वर गेले तर खाली मोजणार कोण? कारण आंदुला वर गेली की ती हातातलं काम टाकून दारात यायची आणि आकाशात किती छत्र्या उघडल्या ते मोजायची. आकडा जुळला की परत टेबलाशी.

आमच्या पाठीवर दोन छत्र्या असतात. मुख्य छत्रीची घडी दर उडीला घालायची असते, ती कुणीही घालतो. राखीव छत्रीची घडी मात्र परवाना असलेल्या माणसानंच घालायची, लाल दोरा बांधून त्यावर शिशाची मोहर दाबायची. आमच्याकडे ती मोहर मावशीची. आणि जगात सगळीकडे असते तशी आमच्याकडेही रीत आहे, की मुख्य छत्रीनं दगा दिला आणि राखीव छत्रीनं तारलं, तर तिची घडी घालणाऱ्याला एक बाटली द्यायची. आमच्या भागात ती आलुबुखाराच्या दारूची, घरी काढलेली. मावशीकडे अशा सतरा बाटल्या होत्या. टेबलावरच्या फळीवर ओळीनं, प्रत्येकीवर चिकटपट्टी, त्यावर नाव आणि तारीख. तिनं एकही उघडली नाही. पिऊन टाकल्या तर नावं कुठं ठेवू, असं ती म्हणायची.

अठरावी माझी असायला हवी होती.

दोन हजार पाचचा ऑगस्ट. मी बत्तीस वर्षांचा, प्रशिक्षकाच्या परीक्षेला माझं नाव जायचं होतं. आमचा प्रमुख होता हिनेक, कडक माणूस. माझी ढिसाळ घडी त्यानं दोनदा पकडली होती आणि बजावलं होतं, "रादिम, तिसऱ्यांदा दिसली तर नाव पाठवणार नाही." त्या दिवशी पाहुणे आले होते, विमान भराभर वर जात होतं. सकाळी मी माझी छत्री मावशीच्या टेबलावर टाकली, सगळ्यांच्या देखत. पण रांग मोठी होती आणि मला पुढच्याच फेरीला जायचं होतं. म्हणून मी ती गुपचूप उचलली, हँगरच्या मागं गवतावर नेली आणि पाच मिनिटांत थैलीत कोंबली. हो, कोंबली. त्याला घडी म्हणायची माझी हिंमत नाही.

वर गेलो, उडी मारली, छत्री उघडली आणि एक दोरी तिच्यावरून आडवी गेलेली. मी भोवऱ्यासारखा फिरायला लागलो. लाल मूठ ओढून ती छत्री सोडून दिली, मग दुसरी मूठ. राखीव छत्री अशी अलगद उघडली, जणू कुणी चादर झटकली. मी धडधाकट उतरलो.

खाली सगळे धावत आले. हिनेकनं मला उभं केलं, हातपाय चाचपले आणि विचारलं, "मुख्य छत्रीची घडी कुणी घातली होती?"

मी म्हणालो, "व्लास्तामावशीनं."

मी ठरवून बोललो नाही. देवाशपथ. तोंडातून निघालं. पण निघालेलं परत घेता येत होतं, पुढच्या क्षणाला, पुढच्या तासाला, आणि मी घेतलं नाही. मावशीला बोलावलं. ती म्हणाली, "ही घडी मी घातली नाही." एकदाच म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. मी माझ्या बुटांकडे बघत होतो. चारजण म्हणाले की छत्री सकाळी तिच्या टेबलावर त्यांनी स्वतः पाहिली होती. कुणीतरी हळूच म्हणालं की बाईंना हल्ली चष्मा लागलाय. संपलं.

कुणी तिला वाईट बोललं नाही, हे तर आणखी वाईट. लोक आपापल्या छत्र्या आपणच घालायला लागले. टेबलाच्या टोकाला काही पडेना. महिन्याभरात हिनेकनं मोहर मागितली, काही दिवसांपुरती म्हणून. तिनं ती पुसून, फडक्यात गुंडाळून दिली. त्याच महिन्यात माझं नाव परीक्षेला गेलं. राखीव छत्रीसाठी तिला बाटली द्यायला हवी होती, पण कुठल्या तोंडानं देणार? दोस्त म्हणाले, मरतामरता वाचलास तिच्यापायी, आणि वर बाटली? मला तेच हवं होतं.

पुढच्या हंगामात खानावळीची बाई सोडून गेली आणि मावशी तिथं उभी राहिली. घरी बसून भिंती बघण्यापेक्षा इथं बरं, म्हणाली. सतरा बाटल्या मिठामसाल्याच्या फळीवर आल्या. विमान वर गेलं की ती डाव हातात तसाच धरून खिडकीशी जायची. रांगेतली पोरं कुरकुरायची, मावशी, सूप गार होतंय. आकडा जुळेपर्यंत ती कुणाला वाढायची नाही.

आणि मी काय केलं? मी प्रशिक्षक झालो, मग हिनेकच्या जागी प्रमुख झालो, आणि दर शनिवारी नव्या मुलांना हीच गोष्ट धडा म्हणून सांगायला लागलो. नाव घ्यायचो नाही, तेवढी लाज होती. "एका अनुभवी बाईच्या हातून चूक झाली आणि मी मरता मरता वाचलो, म्हणून डोळे झाकून कुणावर विसंबू नका." वर्ग हँगरमध्ये, खानावळीची वाढायची खिडकी त्याच भिंतीत. इतक्या वेळा सांगितली की सांगताना मलाच ती खरी वाटायची. मेलो असतो तर बरं झालं असतं असं मी म्हणणार नाही, पण माझी जीभ झडायला हवी होती.

गेल्या सप्टेंबरात वर्गात अपोलेना नावाची मुलगी होती. औषधाच्या दुकानात काम करणारी, शांत. मी धडा संपवला. तिनं हात वर केला.

"मग तुमच्या राखीव छत्रीची घडी कुणी घातली होती?"

एकोणीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, त्याच बाईंनी. ती म्हणाली, "एकच बाई, एकच हात. मग एक घडी चांगली आणि एक इतकी वाईट कशी?"

मी काहीतरी बरळलो आणि सुटी दिली. खिडकीपलीकडे भांड्यांचा आवाज थांबला होता.

मावशीचे गुडघे गेले होते. हंगामाच्या शेवटच्या शुक्रवारी ती कायमची मुलीकडे जाणार होती. आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी, मी बाटली घेऊन खानावळीत गेलो. माझ्या सासऱ्याच्या बागेतली, बारा वर्षं मुरलेली. मावशी खिडकीशी उभी होती. मी तोंड उघडलं तर म्हणाली, थांब, अजून दोन यायचेत. दोन आले. मग ती बसली.

मी सगळं सांगितलं. हँगरच्या मागचं गवत, पाच मिनिटं, सगळं. रडलोही, पन्नाशी उलटलेला बाप्या. तिनं हात पुसायचं फडकं माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, "हे मला कशाला सांगतोस? मला माहीतच होतं."

"मग बोलली का नाहीस तू?"

"बोलले की. एकदा बोलले. दुसऱ्यांदा बोलायचं काम तुझं होतं." तिनं बाटली उजेडात धरून बघितली आणि परत माझ्यापुढे ठेवली. बोटं सुजून वाकडी झालेली, बूच उघडायलाही दुसरा माणूस लागला असता. "आधी त्यांना सांग. मग घेऊन ये."

शुक्रवारी मुलगी गाडी घेऊन आली. सतरा बाटल्या घोंगडीत गुंडाळून गेल्या. मी शनिवारी सकाळी विमान थांबवलं आणि सगळ्यांना हँगरमध्ये गोळा केलं. अपोलेना पहिल्या रांगेत होती. काही लपवलं नाही. तिची मोहर गेली ते सांगितलं, तरी तिच्या हातचं सूप ओरपत राहिलो ते सांगितलं. बोलून झाल्यावर मी वाट बघत राहिलो, की कुणीतरी तोंडावर थुंकेल, निदान शिवी देईल.

मागून एक पोरगा शेजारच्याला म्हणाला, "व्लास्ता कोण? ती सूपवाली?"

तेवढंच. मी वर बघितलं तर सगळे चेहरे पंचविशी-तिशीतले. हिनेक जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या टेबलावर छत्री पाहिलेल्या चौघांतला एक गेला, दोघं देश सोडून गेले, एकाला आता बायकोचंही नाव आठवत नाही. पोरं चांगली, त्यांनी मान हलवली, एकानं माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि वारा चांगला होता म्हणून ती विमानाकडे गेली. अपोलेना तेवढी बसून राहिली. ती म्हणाली, त्यांना फोन करा.

संध्याकाळी केला. सांगितलं म्हणालो. मावशीनं विचारलं, कोण कोण होतं? मी एकेक नाव घेतलं, एकोणतीस नावं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "रादिम, यातल्या एकाच्याही पाठीवर माझी घडी कधी नव्हती रे."

तिनंच पुढे विचारलं, आज किती गेले वर? मी म्हणालो एकशे बारा. आले सगळे? आले म्हणालो. बरं, म्हणाली, आणि फोन ठेवला. बाटलीचं मी विचारलं नाही, तिनंही काढलं नाही. बाटली अजून माझ्या गाडीत आहे, मागच्या सीटखाली.