दहा दिवसांचा दिवा

मी ज्या संस्थेत काम करते तिचं नाव इतकं लांबलचक आहे की बावधनच्या ऑफिसबाहेरच्या पाटीवर ते तीन ओळींत बसवावं लागलं. थोडक्यात सांगायचं तर गावोगावची लहान संग्रहालयं आणि ती सांभाळणारी माणसं, यांना आधार देणारं मंडळ. मंडळ म्हटलं की लोक आधी विचारतात, गणपती कुठे बसतो तुमचा? मग मी सांगते, अहो, आम्ही वस्तू ठेवायला खोकी देतो, वाळवी कशी घालवायची ते दाखवतो, नोंदवही लिहायला शिकवतो आणि वर्षातून एकदा येऊन सगळं जागेवर आहे ना ते तपासतो. तपासायला येणारी बाई म्हणजे मी.

मुळशीत पौडच्या पुढे मुख्य रस्ता सोडून आत गेलं की एक गाव आहे. तिथल्या जुन्या शाळेच्या एका खोलीत संग्रहालय आहे. नांगर, जाती, घोंगड्या, तांब्यापितळेची भांडी, असं गावातूनच गोळा झालेलं सामान. ते सांभाळणारी बाई साठीच्या घरातली. मी तिला मावशी म्हणते. तिचा नवरा आयुष्यभर मेंढरांमागे हिंडला आणि ही चौथीपर्यंत शिकली, पण अक्षर असं की माझं मलाच लपवावंसं वाटावं. खोलीत उंदीर फार, म्हणून नोंदवही ती समोरच्या आपल्या घरात, फडताळात ठेवायची.

त्या वहीत सत्तावीस नंबरला एक पितळी दिवा होता. ओंजळीत मावेल एवढाच, पण बुडाला जड. माणूस गेलं की जिथून त्याला उचललं त्या जागेवर दहा दिवस दिवा तेवत ठेवायचा, हे आपल्याकडे सगळीकडेच करतात. ह्या गावात मात्र त्यासाठी सगळ्या घरांत मिळून हा एकच दिवा. ज्याच्या घरी मयत, त्याच्याकडे दिवा. अकराव्या दिवशी घासूनपुसून परत. मधल्या काळात तो कुणाच्या घरी राहणार यावरून भाऊबंदकी व्हायची, म्हणून शेवटी संग्रहालयात आणून ठेवला. कुणाचं माणूस गेलं की न विचारता द्यायचा, ही अट सगळ्यांना तोंडपाठ होती. कागदावर कुठेच नव्हती.

त्या वर्षी मी तपासणीला गेले तेव्हा माझी आई जाऊन तीन आठवडे झाले होते. आणि मला काहीही वाटत नव्हतं. खरंच सांगते. रडू नाही की काही नाही, जेवण वेळेवर, झोप व्यवस्थित. नातेवाईक म्हणायचे, किती खंबीर आहे पोर. कसली खंबीर! पंचेचाळिशीची घोडी मी, आतून बधिर झाले होते आणि लोक कौतुक करत होते. आई गेली ती बावधनला नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. तेलाचा दिवा नको, पडदे पेटतील, असं भाऊ म्हणाला, म्हणून त्यानं बॅटरीवरचा दिवा आणला. दहा दिवस तो कोपऱ्यात लुकलुकत होता. अकराव्या दिवशी मी त्याचं बटण बंद केलं आणि तो ड्रॉवरमध्ये टाकला. सेलच्या शेजारी.

तर मी संग्रहालयाच्या खोलीत वही घेऊन एकेक वस्तू टिपत गेले. सव्वीस झाले. सत्तावीसची जागा रिकामी. खाली धुळीत फक्त गोल डाग.

"दिवा वरच्या वाडीला गेलाय," मावशी म्हणाली. "तिथली म्हातारी गेली परवा. येईल की आठ दिसात."

"मावशी, नोंदवलेली वस्तू बाहेर द्यायची नसते. शिकवलं होतं ना?"

"व्हय, शिकवलंत. पण दिवा न्हाई व्हय त्यात? त्यो तर द्यायचाच असतो."

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मी काही चेष्टा केली नव्हती. मी पेन काढून 'वस्तू जागेवर नाही' असं लिहिलं आणि शेऱ्यात 'वस्तू वापरात आहे' असंही. आमच्या धंद्यात ह्याहून वाईट शेरा नाही.

मावशी माझ्या हाताकडे बघत होती. मग तिनं समोरच्या आपल्या घराच्या ओट्याकडे बोट केलं. तिथे तिचा नवरा भिंतीला टेकून उन्हात बसला होता. तोंड एवढंसं झालेलं, अंगावर दोन घोंगड्या.

"ताई, एवढं लिवू नका. दिवा नेतील तुमची लोकं. आमच्या मालकांचं काय खरं न्हाई आता. डाक्टरनं घरी न्या म्हून सांगितलंय." तिचा आवाज खाली आला. "त्यांच्या आईला हाच दिवा व्हता, बापाला हाच. त्यांनी मला सांगून ठिवलंय, दिवा तेवढा चुकवू नगं."

एवढं साधं, सरळ सांगितलं तिनं. मला ऐकू आलं, अर्थही कळला, आणि तरी मी खोडलं नाही. दुष्टपणा होता का? तोही नव्हता. दुष्टपणा करायला निदान मनात काहीतरी लागतं. माझ्या मनात तेव्हा एकच होतं, की अजून चौदा वस्तू टिपायच्या आहेत आणि साडेतीनची एसटी पकडायची आहे.

निघताना तिनं चहा दिला. "तब्येत बरी न्हाई का तुमची?" तिनं विचारलं. आई गेली असं मी सांगितलं. "अगं बया!" म्हणून तिनं माझा हात धरला. "दिवा व्हता ना?" मी म्हणाले, होता, बॅटरीचा. हात एसटी येईपर्यंत सोडला नाही तिनं.

अहवाल मंजूर झाला. मंडळाची गाडी गेली आणि पितळेच्या सगळ्या वस्तू आमच्या ऑफिसखालच्या कोठारात 'सुरक्षित ठेव' म्हणून आल्या. दिवा साफ केला गेला, त्यावर लाखेचा पातळ हात फिरवला गेला, मऊ कागदात गुंडाळून खोक्यात ठेवला गेला. काम उत्तम झालं होतं. त्याचे फोटो आमच्या वार्षिक अंकात आले.

उन्हाळ्यात एका सकाळी मावशीचा फोन आला. रडणं नाही, काही नाही.

"ताई, पहाटं मालक गेले. दिवा द्याल का?"

आणि मी म्हणाले, "मावशी, अर्ज करावा लागेल."

हे वाक्य माझ्याच तोंडून गेलं. जीभ झडली नाही माझी.

तासाभरात अर्ज आला. पुतण्यानं फोटो काढून पाठवला होता, अक्षर तिचं. नवऱ्याचं प्रेत दारात असताना बसून लिहिलेला तो अर्ज. वस्तू क्रमांक सत्तावीस. वर्णन, पितळी दिवा, एक. नेण्याचे कारण, मालकांसाठी. परत देण्याची तारीख, अकरावा दिवस. मी शिकवलेला एकही रकाना तिनं रिकामा सोडला नव्हता. मी तो चिटणीसांना दाखवला. ते भले गृहस्थ. हळहळले, आणि म्हणाले की वस्तू बाहेर देण्याचा निर्णय समितीचा, बैठक महिन्याच्या शेवटी, म्हणजे पंधरा दिवसांनी. मी मान हलवली आणि जागेवर जाऊन बसले. दुसरा दिवस गेला. तिसरा गेला. मी खोक्यांची यादी करत होते.

चौथ्या दिवशी डबा खायला पर्समधून चमचा काढताना हाताला कोठाराची किल्ली लागली. ती पहिल्या दिवसापासून माझ्याकडेच होती! कुणी हात धरला होता माझा? कुणी नाही. मी डबा तसाच झाकला, खाली गेले, खोकं काढलं आणि कुणाला न सांगता स्कूटरला लावून निघाले. भुकूमला नव्या इमारतींच्या डंपरांमध्ये अर्धा तास अडकले, तेव्हा पहिल्यांदा छातीत काहीतरी दुखलं. बरं वाटलं, दुखतंय तरी म्हणून.

मावशीच्या घरात बायका बसल्या होत्या. आतल्या खोलीत भिंतीशी, जिथून त्याला उचललं तिथे, स्टीलच्या वाटीत वात जळत होती. भाजी घ्यायची वाटी, काठाला घरातलं नाव कोरलेली. मी खोकं उघडलं, कागद काढले आणि दिवा मावशीपुढे धरला.

तिनं तो दोन्ही हातांनी घेतला. फिरवून पाहिला, नाकाशी नेला. "तेलाचा वास गेला ह्याचा," ती म्हणाली.

"मावशी, लावा ना. आत्ता लावा."

"आता कसा लावू, ताई?" तिनं वाटीकडे पाहिलं. "लागलेला दिवा धा दिस हलवत न्हाईत. इझवतबी न्हाईत. जो लागला त्योच."

मला हे ठाऊक असायला हवं होतं. मी ह्या गावच्या चालीरीतींवर टिपण लिहिलंय, छापलंय. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. मी तिथेच फरशीवर बसले आणि मला लाज वाटली, इतकी की आई गेल्यापासून तेवढं काहीच वाटलं नव्हतं. "चुकलं माझं," मी म्हणाले. "मावशी, फार चुकलं."

"व्हय, चुकलं," ती म्हणाली. तिनं ते खोडून काढलं नाही. मग तेलाची बाटली माझ्याकडे सरकवली. "आलाच हायसा तर तेल घाला वाटीत. कमी झालंय."

मी तेल घातलं. थोडं जमिनीवर सांडलं.

उठले तेव्हा मावशीनं दिवा परत माझ्या खोक्यात ठेवला आणि एका बाईला फडताळातली नोंदवही काढायला सांगितली. मी म्हणाले, राहू द्या ना आता, सुतकात कशाला. "न्हाई, वस्तू गावात आली म्हंजे लिवाय पायजे. तुमीच शिकवलंय." मांडीवर वही घेऊन, ओळ न चुकवता, तिनं सावकाश लिहिलं. सत्तावीस. पितळी दिवा, एक. चौथ्या दिवशी आला, त्याच दिवशी परत. मग शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'वापरला नाही'.

वही तिनं माझ्याकडे फिरवली आणि बोट ठेवून जागा दाखवली. मी तिथे सही केली.