छोट्या कढईतला खवा

माझी पहिली रहस्य कादंबरी मी टोपणनावाने लिहिली आणि मोबाइलवर वाचायच्या एका ॲपवर स्वतःच टाकली. प्रकाशक नव्हता, मुखपृष्ठही मीच केलं. घरी कुणाला सांगितलं नाही. आम्ही कळंबला राहतो. तिथं मुलगी दुपारभर लॅपटॉपसमोर बसली की ती परीक्षेचा अभ्यास करते असं सगळे धरून चालतात. मी तो समज मोडला नाही.

मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथल्या लायब्ररीतल्या रहस्यकथांत बर्फ असायचा, बंगले असायचे. तशी एक लिहून पाहिली, पण त्या घरांतली माणसं काय बोलत असतील ते मला ऐकूच येईना. ऐकू यायचं ते मामांच्या भट्टीवरचं.

मामांची भूम तालुक्यात खव्याची भट्टी आहे. सुट्टीत मी तिथंच असते. सकाळी दूध आलं की प्रत्येकाच्या दुधातलं थोडं वेगळं काढून छोट्या कढईत आटवतात. त्यातून किती खवा पडतो त्यावर त्या दुधाचा भाव ठरतो. ते आटेपर्यंत दूध घालणारे थांबतात, आणि थांबलेली माणसं बोलतात. कुणाची सून माहेरी गेली, कुणी बांध कोरला, कुणाची म्हैस कुणाच्या नजरेनं आटली. मी कोपऱ्यात बसून ऐकते. मी बोलत नाही, त्यामुळे मी तिथं आहे हे लोक विसरतात.

छोट्या कढईतला खवा मामा आधी बोटावर घेऊन चाखतात. बाकी कुणी त्याला हात लावत नाही. एका सकाळी ते बघता बघता मला माझ्या कादंबरीतला खून सापडला. तिच्यात भट्टीचा मालक असाच खवा चाखून मरतो. त्या दिवशीचा खवा गावभर गेलेला असतो, पण बाकी कुणाला काही होत नाही.

पहिलं प्रकरण मी पंचनाम्यासारखं कोरडं लिहिलं होतं. दारातलं लिंबाचं झाड, निळं दार, बसायला टाकलेलं ट्रॅक्टरचं टायर, सगळं मामांकडचं. कोण ओळखणार, असं वाटलं.

गौरी-गणपतीच्या तोंडावर कुणीतरी त्यातलं पहिलं पान उचलून व्हॉट्सॲपवर टाकलं. कादंबरीचं नाव नाही, माझं टोपणनावही नाही. फिरत फिरत ते मामांच्या भट्टीपर्यंत आलं तेव्हा वर त्यांच्याच गावाचं नाव लागलेलं होतं आणि खाली ‘काळजी घ्या, पुढे पाठवा’.

मी तेव्हा भट्टीवरच होते. मामी फोन घेऊन बाहेर आल्या. “आवो, तुमी मेलात म्हणं.”

“कवा?”

“काल सकाळी. खवा चाखून.”

दूध घालायला आलेले एक आजोबा म्हणाले, “तरीच म्हणलं, आज मापात खोट कशी न्हाय.”

सगळे हसले. मी हसले नाही.

थोड्या वेळानं बार्शीच्या पेढेवाल्यांचा फोन आला. भट्टीचा निम्म्याहून जास्त खवा तेच घेतात. “माल तुमचा चांगलाच असतो, पण गिऱ्हाईक फोन दाखवायलंय. सणाचं तोंड हाय. आता नको, बघू नंतर.” मामा “बरं” म्हणाले आणि टायरवर बसले. दूध थांबत नाही आणि खवा फार टिकत नाही. त्यांनी मामींना सांगितलं, “सगळ्यांना सांग, उद्यापासून दूध आणू नका.” मग फोनकडं बघत म्हणाले, “असलं लिहितंय तरी कोण?”

“मी,” मी म्हणाले. “बातमी नाही मामा, गोष्ट आहे. पुस्तकातलं पहिलं पान.”

मामांनी फोन मांडीवर ठेवला. “मला मारलंस व्हय?”

“तुम्हाला नाही. मालकाला.”

“मग हितं मालक कोण हाय?”

“मी हाय,” मामी म्हणाल्या. “इचारा कुणालाबी.”

मामांनी पेढेवाल्यांचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. फोनवर माझी मराठी एकदम पुस्तकी होते. मी सांगितलं ते पेढेवाल्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “पुरावा काय?” मी पुढची पानं पाठवली. त्यांनी ती वाचली. मग म्हणाले, “मला पटलं, पण गिऱ्हाइकाला नुसत्या टोपणनावानं कसं पटंल? तुमचं नाव घाला, आडनाव घाला. मामांशेजारी उभं राहून फोटो काढा. मी माझ्या ग्रुपांवर टाकतो.”

मी मामांकडं बघितलं. ते दाराकडं बघत होते. दारात रिकाम्या कॅनांची रांग होती.

मामींनी फोटो काढला. मामा बोटावर खवा घेऊन, मी शेजारी. खाली मी माझं पूर्ण नाव लिहिलं आणि लिहिलं की गोष्ट माझी आहे, मामा ठणठणीत आहेत. दुसऱ्या दिवशी बार्शीचा टेम्पो आला. कळंबला बाबांपर्यंत फोटो त्याआधीच पोचला होता. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, “अजून कुणाकुणाला मारलंस?”

आता भट्टीवर मी जाऊन बसले की बोलणं थांबतं. कुणी म्हणतं, “हे लिहू नको गं बाई.” एका काकूंनी मला बाजूला नेऊन त्यांच्या जावेची सगळी कुंडली सांगितली आणि पुढच्या पुस्तकात तिला घ्यायला सांगितलं. ऐकायला मजा येते, पण ते सगळं मला सांगण्यासाठी रचलेलं असतं. त्यातलं काही उपयोगाचं नसतं.

दुसरी कादंबरी अर्धी झाली आहे. ती माझ्या नावावरच येईल. तिच्यासाठी मी एसटीनं येडशीला जाते आणि स्टेशनच्या बाकावर लोकांचं बोलणं ऐकत बसते. तिथं अजून मला कुणी ओळखत नाही.