जावयाची नोकरी

आमच्या घरात दोन मुली होत्या आणि नोकरी एक होती. ती माझी होती, आणि ती अखाजीच्या जेवणात गेली. गावात ही गोष्ट अजूनही वेगळीच सांगतात. गावाच्या मते माझ्या बापाने जावयाचा मान राखला. राखला हे खरं आहे, मी नाही म्हणत नाही. कोणाच्या जिवावर राखला, एवढंच गाव सांगत नाही.

आमचं गाव शिंदखेडा तालुक्यातलं, नरडाण्याहून फार लांब नाही. जमीन कोरडवाहू, कापूस, बाजरी, ज्वारी. सरकीचं तेल आणि ढेप, म्हणजे गुरांची पेंड, काढणाऱ्या एका कंपनीने गावाच्या खालच्या अंगाची वावरं विकत घेतली, तेव्हा पैशाबरोबर एक शब्दही दिला. ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरातल्या एकाला काम मिळेल, असं कंपनीचा माणूस पारावर उभं राहून बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनीही वाजवल्या. कापसाला चांगला भाव आला तेव्हा सुद्धा त्यांना मी एवढं खूश पाहिलं नव्हतं.

जमिनीच्या पैशाचं काय झालं ते कोणत्याही दारात उभं राहिलं की कळायचं. मातीची घरं जाऊन स्लॅब आले, दारात मोटरसायकली आल्या, लग्नं बँड लावून झाली. आमचा पैसा अक्काच्या, माझ्या थोरल्या बहिणीच्या, लग्नात आणि पुढच्या दोन खोल्यांत गेला. फरशी एवढी गुळगुळीत बसवली की माय पावसाळ्यात तिच्यावरून चालताना भिंत धरायची. आणि मग ज्या बायका काल स्वतःच्या वावरात निंदत होत्या, त्या पिकअपमध्ये उभ्या राहून दुसऱ्यांचा कापूस वेचायला जाऊ लागल्या. माझी माय त्यांच्यातच. दुकानातून पहिल्यांदा ज्वारी आणली त्या दिवशी ती निवडताना माय एकेक दाणा उलटून बघत होती. तिने जन्मात दाणा विकत आणला नव्हता.

थोडक्यात, घर चकचकीत आणि डबे रिकामे. आमच्या गल्लीत सगळ्यांचं हेच चाललं होतं, म्हणून कोणाला लाज वाटत नव्हती.

राहिली होती ती नोकरी. मी तेव्हा धुळ्याला आयटीआयला जात होते, इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला. एसटीचा पास, एक डबा, आणि वर्गात मुली इतक्या कमी की सर हजेरी घेताना आमच्याकडे न बघताच हजर धरायचे. मोटर उघडायची, वायंडिंग करायचं, पॅनेल जोडायचं, मला सगळं आवडायचं. बोटांना भाजलेलं दिसलं की माय ओरडायची, आबा मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी बोटं दाखवायचे. कंपनीचे पत्रे चढायला लागले तेव्हा ते मला म्हणाले, "कारखाना चालू व्हई ना, तठे तूच जाशी. तुनंच काम शे ते." हे ते माझ्यासमोर बोलले, मायसमोर बोलले, किराणा दुकानावर बोलले. मी विश्वास ठेवला. बापाच्या बोलण्यावर विश्वास ठेवणं हा काही गुन्हा नाही.

माझा निकाल लागला आणि त्याच सुमारास अक्काच्या लग्नानंतरची पहिली अखाजी आली. अखाजी म्हणजे अक्षय तृतीया, पण आमच्या खान्देशात तिचा थाट दिवाळीहून मोठा. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. आमच्या भाऊबंदकीत पहिल्या अखाजीला जावयालाही जेवायला बोलावतात, आणि तिथे एक रीत आहे. ताट वाढलं की जावयाने हात आखडून बसायचं. रुसायचं. सासऱ्याने काहीतरी कबूल केलं की मगच घास घ्यायचा. पूर्वी कोणी गोऱ्हा द्यायचं, कोणी सायकल, कोणी अंगठी. सगळे हसतात, बायका दाराआडून चिडवतात, आणि जेवण सुरू होतं. जावई जितका जास्त वेळ रुसेल तितकी त्याची वट.

आमचे जावईबुवा शिंदखेड्याचे. मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, उघडं कमी आणि बंद जास्त. माणूस वाईट नव्हता. आळशी माणसं बहुतेक वाईट नसतात. त्यासाठी लागणारी धावपळ त्यांच्याच्याने होत नाही. इस्त्रीचा शर्ट घालून ते पाटावर बसले. खापरावरची पुरणपोळी, आंब्याचा रस, तळलेल्या कुरडया, सगळं वाढलं. त्यांनी हात मांडीवर ठेवले.

शेजारी आबांचे चुलतभाऊ, आमचे नाना, बसले होते. ते खुशीत ओरडले, "पाव्हना रुसना रे भो! काय देशी आते?"

आबा हसत कबूल झाले, "अंगठी दिसू."

जावयाने मान हलवली. आबा घड्याळ म्हणाले. पुन्हा नाही. आतल्या खोलीत बायका खिदळत होत्या. मी हातात गरम पोळी घेऊन दारात उभी होते, मलाही हसू येत होतं.

मग जावईबुवा खाली बघत हळूच म्हणाले, "माले बाकी काही नको, आबा. कंपनीमा लाई द्या."

कंपनीत लावून द्या, म्हणजे माझी नोकरी द्या. हसणं थांबलं. आबांनी माझ्याकडे बघितलं. मी अजूनही समजत होते की ते काहीतरी गंमत करून वेळ मारून नेतील. तसे ते बोलण्यात पटाईत. पण नाना त्यांच्या कानाशी लागले, आणि नानांचा कानाशी लागण्याचा आवाज अख्ख्या घराला ऐकू येतो. "जवाई उपाशी उठना ते गावमा काय तोंड दाखाडशी?"

आबा म्हणाले, "दिनी. तुमलेच दिनी." दिली म्हणे, तुम्हालाच दिली.

जावयाने पोळी मोडली, रसात बुडवली. नानांनी मांडीवर थाप मारली. पुन्हा सगळे हसायला लागले आणि कोणीतरी मला म्हणालं, "वाढ ना पोळी, उभी काय ऱ्हायनी!" मी वाढली. गरम पोळीचा चटका बोटाला बसला होता, तो मला संध्याकाळी कळला.

दुसऱ्या दिवशी मी आबांना गाठलं. माझं काय, एवढंच विचारलं, "मनं काय?"

ते म्हणाले, "तुनं काय? तू उद्या लगन करीसन परका घरले जाशी. नोकरी बी तुनासंगे जाई."

"मंग आते कोना घरले गई?"

आबांनी टोपी झटकली. मग म्हणाले, "तो घरना माणूस शे." म्हणजे ज्याच्याशी घरातल्या मुलीचं लग्न झालं तो घरचा, आणि घरात जन्मलेली मी परक्याची. हा हिशेब मला आजतागायत कळलेला नाही. अक्का झोक्यावर बसून हे ऐकत होती. जाताना ती एवढंच म्हणाली, "मी तरी काय करतू?" तिचं बरोबर होतं, तरी मला तिचा राग आला. कितीतरी दिवस मी तिचा फोन उचलला नाही.

आता ऐका पुढे काय झालं, कारण असं फक्त आमच्याच गावात होऊ शकतं. जावईबुवांना ढेपेच्या गोदामात लावलं. पोती उचलायची, थप्पी लावायची, ट्रक भरायचे. बरोबर काम करणारी सगळी पोरं आमच्या गावची. म्हणजे कोणी त्यांचा मेहुणा, कोणी चुलतसासरा, कोणी नात्याने भाचा. आणि गावच्या जावयाने सासुरवाडीत पोतं उचलायचं? त्याने हात लावला की दुसरा धावायचा. "पाव्हना, ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. तुम्ही बठा." कोणी चहा आणायचं, कोणी सावलीत गोणपाट पसरायचं. जावईबुवाही बसायचे. त्यांना बसायला सांगावं लागतं असं कधीच नव्हतं, पण खरं सांगायचं तर त्यांनी उभं राहायचं म्हटलं असतं तरी पोरांनी राहू दिलं नसतं. पाहुण्याच्या पाठीत लचक भरली असती तर नाव गावाचं गेलं असतं. ज्या जमिनी गेल्या त्यांच्याबद्दल कोणाला एवढी काळजी वाटली नव्हती.

सुपरवायझर बाहेरगावचा. त्याने विचारलं, हा माणूस कोण, सारखा बसलेला का दिसतो. पोरांनी अभिमानाने सांगितलं, "साहेब, गावना जवाई शे तो." साहेबाला त्यात हसण्यासारखं किंवा कौतुकासारखं काही दिसलं नाही. त्याने जावईबुवांच्या हातात झाडू दिला आणि गोदाम झाडायला लावलं. सगळ्या मेहुण्यांसमोर. झाडू मागून घ्यायची मात्र कोणाची हिंमत झाली नाही, कारण साहेब तिथेच उभा होता. दुपारच्या सुट्टीत जावईबुवा मोटरसायकलवर बसून शिंदखेड्याला गेले ते परत आले नाहीत. अक्काने निरोप पाठवला की पाठ धरली आहे. पोती दुसऱ्यांनी उचलली, पाठ यांची धरली.

आठवडे गेले तरी पाठ सुटेना. शेवटी आबा धुतलेली टोपी घालून कंपनीच्या गेटवर गेले. मी बरोबर होते, प्लास्टिकच्या पिशवीत माझं सर्टिफिकेट. ऑफिसातल्या माणसाने आम्हाला खुर्ची दिली, पाणी दिलं. तो उद्धट बोलला असता तर बरं झालं असतं, निदान घरी येऊन शिव्या देता आल्या असत्या. तो नम्रपणे म्हणाला, "काका, तुमच्या घरचं काम आम्ही दिलं होतं. एका घराला एकदाच. तुमचा माणूस टिकला नाही, त्याला आम्ही काय करणार?"

आबा म्हणाले, "ही पोरगी आयटीआय शे. हिले घ्या."

"मग आधी हिचंच नाव का नाही दिलं?"

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी त्यांच्याकडे बघत होते. मला वाटलं, आता तरी ते एखादं वाक्य बोलतील, चुकलं म्हणतील, निदान माझं नाव तरी घेतील. ते म्हणाले, "जवाईना मान शे ना, साहेब." त्या माणसाने मान डोलावली. त्यालाही जावई असेल किंवा तो कोणाचा तरी जावई असेल.

आता मी त्याच कंपनीत आहे, पण कंपनीची नाही. कॉन्ट्रॅक्टरची. ढेपेच्या पोत्यांची तोंडं मशीनवर शिवते. सरकी येते तोवर काम, सरकी संपली की घरी. बरोबर गल्लीतल्याच बायका आहेत. कापूस वेचण्यापेक्षा सावलीतलं काम म्हणून सगळ्या खूश, आणि मी खूश नाही म्हणून त्या मला शिकलेली म्हणून टोमणे मारतात. शेडच्या टोकाला मोटरींचं पॅनेल आहे. त्याच्या जवळ जायला आम्हाला मनाई आहे, पाटी लावलेली आहे. मी ती पाटी रोज वाचते. मायचे गुडघे गेलेत, ती आता पिकअपमध्ये चढू शकत नाही. घर माझ्या शिलाईवर चालतं. आबा हे कोणाला सांगत नाहीत. ते सांगतात, "पोरगी कंपनीमा शे."

आणि ते ऐकूनच मागच्या उन्हाळ्यात मला बघायला पाहुणे आले. धुळ्याकडचे. मुलगा पदवीधर, घरी बसलेला, गप्प. बोलत होता त्याचा बाप. मी चहा दिला आणि बाजूला बसले. मनात होतं, मुलगा बरा असेल तर हो म्हणावं, कुठेतरी नवीन गावात नव्याने सुरुवात करावी, धुळ्याला एखाद्या रिवायंडिंगच्या दुकानात काम बघावं. एवढं मी ठरवूनही टाकलं होतं.

त्याच्या बापाने कप खाली ठेवला आणि आबांना विचारलं, "ही नोकरी लगननंतर आमना पोऱ्याना नाववर व्हई का?"

मला हसू फुटलं. अहो, कसली नोकरी आणि कोणाचं नाव! कॉन्ट्रॅक्टरला माझं आडनाव सुद्धा माहीत नाही. मला वाटलं, आबाही हसतील. एवढं सगळं होऊन गेल्यावर, ज्या घरात हे घडलं त्याच घरात बसून, कोणीही हसलं असतं, नाहीतर पाहुण्यांना उठवून लावलं असतं.

आबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. जरा विचार केला आणि म्हणाले, "इचारी देखसू." विचारून बघू म्हणे!

पहिल्या वेळी मी आबांना मनातून माफ केलं होतं. म्हटलं, बिचारा माणूस, भाऊबंदांनी कोंडीत पकडला, काय करेल. या वेळी त्यांना कोणी अडवलं नव्हतं. कोणी रुसलं नव्हतं, कोणी कानाशी लागलं नव्हतं. नुसता चहा चालला होता.