ओटीतला कागद

सरदारबी जालन्यातल्या एका जनाना दवाखान्यात आया होती. फरशी पुसायची, अवजारं उकळायची, बाळंतिणींचे कपडे धुवायची. तिला अक्षरओळख नव्हती आणि मी जाफराबादच्या शाळेत मास्तर, उर्दू-मराठी दोन्ही झरझर लिहिणारा. तरी अकलेनं ती माझ्या चार पावलं पुढं होती. हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही. तेव्हा वाटली असती.

गोष्ट निजामाच्या राज्यातली, एकोणीसशे अडतीस सालची. त्या दवाखान्याचा नियम असा, की नवऱ्याची सही किंवा अंगठा असल्याशिवाय बाईचं पोट उघडून बाळ काढायचं नाही. आणि आपली रीत अशी, की पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे बाई अडलेली इथं आणि नवरा पंधरा-वीस कोसांवर औत हाकतोय. त्याला सांगावा जाऊन तो येईपर्यंत तीन-चार दिवस मोडायचे. डॉक्टरीणबाई हजर, अवजारं उकळलेली, आणि बाई मरायची ती एका अंगठ्यापायी. सरदारबीची एकुलती लेक रहिमुन्निसा अशीच गेली. सरदारबीनं स्वतःचा अंगठा पुढं केला होता. आईचा अंगठा चालत नाही म्हणाले.

दुसरी कुणी असती तर ती नोकरी सोडून घरी बसली असती. सरदारबीनं एक बिनसहीचा मंजुरीचा कागद मागून घेतला आणि शाईची डबी कमरेला खोचली.

माझी बायको सगुणा पाचव्या महिन्यात आठ दिवस माहेरी जाऊन आली होती. तिचं माहेर जालन्याला खेटूनच. तिथं पाय सुजले म्हणून सासऱ्यांनी, मच्छिंद्रबुवांनी, तिला त्या दवाखान्यात दाखवलं. कंबर अरुंद आहे, वेळेला पोट उघडावं लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाली. सरदारबी तिथंच फरशी पुसत होती.

सातव्या महिन्यात आमच्याकडं ओटीभरण झालं. मच्छिंद्रबुवा लेकीला न्यायला गाडी जुंपून आले, आणि गाडीतून सरदारबीही उतरली. सगुणा पाटावर बसलेली, आई खण-नारळ घेऊन उभी, आणि सरदारबीनं आपली लेक कशी गेली ते सांगून माझ्यापुढं कागद धरला.

"मास्तर, सही करा. न्हाई लागला तर फाडून टाकू."

अंगठेबहाद्दर असतो तर न वाचता ठसा उठवून मोकळा झालो असतो. मी शिकलेला, म्हणून वाचला. त्यात लिहिलं होतं, की जिवाला धोका आहे आणि तो मला मान्य आहे. "आज, ओटीच्या दिवशी, असला अभद्र कागद?" मी खेकसलो. "मी काय मेलोय का? सांगावा आला की निघेन."

"किती दिसांत पोचाल?"

मी बोटांवर हिशेब केला, तो चार दिवसांवर गेला. बायका कुजबुजायला लागल्या. आता आई हिला हाकलणार, असं मला वाटलं.

"तुझी लेक किती वर्षांची होती गं?" आईनं विचारलं.

"सतरा. लई हसायची."

आईनं नारळ खाली ठेवला. माझ्या हातातला कागद घेतला, त्याला हळदीकुंकू लावलं आणि परत माझ्यापुढं धरला. "पुंजाराम, कर सही. हे बी ओटीतच पडू दे. ओटीतलं अभद्र नसतं."

मी सही केली, पण रागानं. कागद खणा-नारळाबरोबर सगुणाच्या पदरात पडला. तिनं त्याची पुरचुंडी बांधली, ती दवाखान्यात जाईपर्यंत सोडली नाही.

नवव्या महिन्यात एका दुपारी सासऱ्यांचा माणूस धुळीनं माखून शाळेत आला. "सगुणाताई अडली होती. पोट उघडलं. पोरगी झाली. दोघी बी बराबर हायेत."

"कधी?"

"परवा सकाळी. तवाच निघालो."

मी खुर्चीवरून उठलो आणि परत बसलो. सांगावा येऊन पोचायलाच दोन दिवस लागले होते. सहीसाठी आला असता, तर मी अजून गाडीच शोधत असतो आणि सगुणा कधीच गेली असती. माझ्या शिक्षणाची मला इतकी चीड कधी आली नव्हती.

दवाखान्यात पोचलो तेव्हा सगुणा पडल्या पडल्या पेज पीत होती. मला बघून म्हणाली, "किती वाळलात!" मी दारातच ढसाढसा रडलो. सरदारबीनं बाजूला नेलं. वाटलं, पाठीवर हात ठेवील. तिनं पुढ्यात कोऱ्या कागदांची चवड ठेवली.

"सगळ्यांवर मंजुरीचा मजकूर बदलून लिवा मास्तर. असा लिवा, की तुमच्यासारखा शहाणा माणूस वाचून भिनार न्हाई. उद्या मला भोकरदनकडं तीन ओट्यांना जायचंय."

मी डोळे पुसले आणि लिहायला बसलो. पहिल्या कागदावर लिहिलं, "माझी बायको जगावी म्हणून मी ही परवानगी देतो." वाचून दाखवलं, तेव्हा सरदारबी पहिल्यांदा रडली.