आतोबांचा भोंगा

रेडिओ स्वतः ऐकायचा असतो, हा विचार आमच्या आतोबांच्या, म्हणजे आत्याच्या यजमानांच्या, डोक्याला जन्मात शिवला नाही. त्यांच्या मते रेडिओ गावाला ऐकवायचा असतो आणि टेपवर उतरवून ठेवायचा असतो. पळसदरीतल्या त्यांच्या घरातून निघालेल्या तारा मागेल त्याच्या ओटीवरच्या भोंग्यापर्यंत पोचल्या होत्या. "ज्याला पायजे त्यानं तार घ्यावी, नको त्यानं कान झाकावं!" बातम्या, कीर्तन, भाताचे भाव, सगळं गावभर जायचं आणि त्याच वेळी रिळावर चढायचं. माइक रेडिओपुढे मांडलेला असल्याने घरात खुट्ट झालं तरी टेप होई. म्हणून त्या वेळात आत्याने फोडणी द्यायची नाही. एकदा मला उचकी लागली, तर मला सरळ गोठ्यात नेऊन बसवलं! तोंड मिटायचा हा नियम खुद्द आतोबांना मात्र लागू नव्हता.

शेजारच्या सीताबाईची चिमी मुंबईच्या रेडिओवर मुलांच्या कार्यक्रमात गाणार होती. नेमकी त्याच दिवशी सीताबाईच्या शेतात भातलावणी. मदतीला आलेल्या बायकांना सोडून तिला हलता येईना. "भावजी, माज्या पोरीचा आवाज कानावर पडला पायजे," ती काकुळतीने म्हणाली. "पडंल म्हंजे? अगं, वर ठाकुरवाडीत ऐकू जाईल!" आतोबांनी शेतापर्यंत तार ओढली, बांधावरच्या आंब्याला भोंगा बांधला. रेडिओवर चिमीचं नाव पुकारलं आणि बांधावर चरणाऱ्या मेल्या म्हशीने तेव्हाच तारेत पाय अडकवला. भोंगा गप्प. सीताबाई चिखलातून हात हलवू लागली. आतोबा खिडकीतून ओरडताहेत, "सीते, येतंय का गं? तार बघा रं! म्हस हाकला!" ओरडता ओरडता गाणं संपलं.

लावणी उरकून सीताबाई तशीच चिखलाच्या पायांनी दारात येऊन बसली. आतोबांनी मोठ्या ऐटीत टेप लावला, तर आतून आतोबाच, "म्हस हाकला!" आमची हसून मुरकुंडी वळली. आतोबांचा चेहरा पडला. "सीते, मातेरं केलं गं मी. पोरीच्या गाण्यावर सगळा मीच हाय."

"गप ऱ्हावा जरा," ती कान देऊन म्हणाली. "तुमी दम घेताय ना, तवा माजी चिमी ऐकू येती. परत लावा."

आतोबांनी रीळ मागे फिरवलं. पुन्हा, मग पुन्हा. आमचंही हसू केव्हाच थांबलं होतं. सगळे टेपमधल्या आतोबांच्या दम घेण्याची वाट बघत होतो. आणि आतोबा डोळे पुसत, टेपमधल्या स्वतःलाच दटावत होते, "अरे गप की रं मेल्या, पोर गातेय."