लेकीच्या कानशिलांवरचे केस

माझ्या लेकीचे केस तिच्या बापाच्या घराण्यावर गेलेत. सासर ओमानी, पण मूळ झांझिबारचं. बारीक कुरळे केस, दिसायला भरगच्च, म्हणून मी ते दणकट समजून चालले. खरं तर एकेक केस इतका नाजूक की जरा ओढला तरी तुटायचा. हे मला कळायला ती सहा वर्षांची व्हावी लागली.

सासूबाई सुरुवातीलाच म्हणाल्या होत्या, "शुक्रवारी आणत जा, मी विंचरीन." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी रत्नागिरीची, माझा शेपटा कमरेखाली. मला कोण केस शिकवणार! फोनवर आईचं एकच पालुपद, "अगो, खोबरेल चोपड नी घट्ट वेण्या घाल." मी तेच केलं. रोज शाळेच्या आधी भसाभसा तेल आणि मुळापासून खाली बारीक फणी. फणी अडली की मी म्हणायची, "थोडं सोस. लांब केस फुकट मिळत नाहीत." पोर हूं की चूं करत नसे. मला तिचं कौतुकच वाटायचं.

एक दिवस न्हाऊ घालताना दिसलं, दोन्ही कानशिलांवर केसच नाहीत. नुसती गुळगुळीत कातडी. परत आलेच नाहीत तर?

तीन शुक्रवार मी तिला रुंद हेअरबँड लावून वादी अदाईला सासूबाईंकडे नेलं. चौथ्या शुक्रवारी मात्र ताकाला जाऊन भांडं लपवणं माझ्याच्यानं होईना. हेअरबँड काढला आणि म्हटलं, "माझ्याच हातून झालंय हे. येतील का परत?"

त्यांनी ती जागा बोटानं चाचपली. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मुळं शाबूत असली तर येतील, इन्शाल्ला," एवढंच म्हणाल्या.

मग नातीला पायांशी बसवून केसांवर पाणी शिंपडलं आणि टोकांकडून वर, बोटांनीच गुंता सोडवत गेल्या. कंगवा अगदी शेवटी, तोही रुंद दातांचा. एक सैल वेणी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली.

लेक मुठी आवळून, डोळे घट्ट मिटून बसली होती. माझ्यापुढेही ती रोज अशीच बसत असणार. मी कायम तिच्या पाठीमागे असायची, तिचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता.

"बीबी," तिनं डोळे न उघडताच आजीला विचारलं, "तू सुरू कधी करणार?"